कुत्रं-मांजर आणण्याआधी वर्षाच्या औषधपाण्याचा हिशेब मांडा

पुणे-नाशिकसारख्या शहरात देशी कुत्रीचं दोन महिन्यांचं पिल्लू दत्तक घेतलं, तर पहिल्या वर्षी तिच्या दवाखान्यावर साधारण २२ हजार रुपये खर्च होतात आणि पुढे दरवर्षी ११ हजारांच्या आसपास. मांजरीला पहिल्या वर्षी साडेदहा हजार आणि नंतर वर्षाला साडेतीन हजार. यात खाणं धरलेलं नाही, आजारपण धरलेलं नाही, अपघातही नाही. लस, जंताचं औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, नसबंदी आणि डॉक्टरांची तपासणी एवढ्याचाच हा हिशेब आहे.

पिल्लू फुकट मिळतं, म्हणून हा आकडा कुणी मांडत नाही. मग पहिला डोस हौसेनं होतो, दुसरा पगाराच्या तारखेसाठी थांबतो आणि तिसरा राहूनच जातो. लसीच्या बाबतीत हे अर्धवट राहणं फार महागात पडतं. म्हणून आधी आकडे, मग बाकीचं.

दर दिले आहेत ते शहरांतल्या साध्या खासगी दवाखान्यांत सर्वसाधारणपणे दिसणारे, ढोबळ आहेत. मुंबईच्या उपनगरांत, चोवीस तास चालणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलात किंवा घरी येणाऱ्या डॉक्टरांकडे ते दीडपट-दुप्पट होतात; तालुक्याच्या गावी बरेच खाली येतात. तुमच्या दवाखान्याचे दर विचारून याच चौकटीत घाला, म्हणजे तुमचा स्वतःचा हिशेब तयार होईल.

कुत्रीच्या पहिल्या वर्षाची फोड अशी: तपासणीच्या चार फेऱ्या ५०० रुपयांप्रमाणे २,०००. संयुक्त लसीचे तीन डोस ९०० प्रमाणे २,७००. रेबीजचे दोन डोस ३५० प्रमाणे ७००. जंताचं औषध ६००. गोचिडांसाठी तीन महिने चालणाऱ्या तीन गोळ्या, ६,०००. आणि नसबंदीचं ऑपरेशन १०,०००. कुत्रा असेल तर ऑपरेशन तीन-चार हजारांनी स्वस्त पडतं. मांजरीसाठी, पिसवांचं औषध न धरता, तपासणी १,५००, तीन रोगांच्या एकत्रित लसीचे तीन डोस ३,०००, रेबीज ७००, जंत ३०० आणि ऑपरेशन ५,०००.

लस: कुठली, किती वेळा, कितीला

कुत्र्याला दोन लसी लागतातच. एक रेबीजची. दुसरी संयुक्त लस, जिला दवाखान्यात सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन असं म्हणतात. तिच्यात डिस्टेंपर, पार्वो, यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस, पॅराइन्फ्लुएन्झा आणि लेप्टोस्पायरोसिस हे रोग येतात. सहा ते आठ आठवड्यांचं पिल्लू झालं की पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. आपल्याकडे रेबीजचं प्रमाण पाहता महिन्याभरात तिचा दुसरा डोस देतात आणि नंतर दरवर्षी एक.

तीन-तीन वेळा टोचतात म्हणजे डॉक्टर बिल वाढवतात, अशी शंका बरेच जण बोलून दाखवतात. कारण वेगळं आहे. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते आणि तीच लसीला निकामी करते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. सहाव्या आठवड्यात ओसरली तर मधला काळ उघडा पडतो, चौदाव्यात ओसरली तर आधीचे दोन्ही डोस वाया गेलेले असतात. म्हणून सोळा आठवड्यांनंतरचा डोस सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक चुकवतात. ‘दोन झाले की, पुरे’ असं म्हणून थांबू नका. तो होऊन आठवडा-दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत किंवा दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका, मांडीवरच ठेवा.

पार्वो झालेल्या पिल्लाला रक्ताचे जुलाब होतात, उलट्या थांबत नाहीत. या विषाणूवर थेट औषध नाही. सलाइन, उलटीची इंजेक्शनं आणि चोवीस तास देखरेख यावर ते तगलं तर तगतं. पाच-सात दिवसांच्या उपचारांना पंधरा ते तीस हजार सहज लागतात आणि तरीही पिल्लू वाचेल याची खात्री कुणी देत नाही. ज्या घरात पार्वो होऊन गेला तिथे विषाणू कित्येक महिने टिकून राहतो. फिनेलनं तो मरत नाही. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवावी लागते. त्या घरात नवं पिल्लू आणायचं, तर लसीकरण पूर्ण झालेलं, वयानं थोडं मोठं आणावं.

आता नावातल्या आकड्यांबद्दल. नाइन-इन-वन म्हणजे सेव्हन-इन-वनपेक्षा भारी, असं नाही. लेप्टोचे वेगवेगळे उपप्रकार मोजून हा आकडा वाढतो, आणि काही लसींत कोरोनाचा एक घटक असतो. हा कुत्र्यांच्या आतड्याचा कोरोना, माणसांचा नव्हे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची वसावा ही जागतिक संघटना त्याची लस घ्यायची शिफारस करत नाही. तेव्हा आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. लेप्टोचा घटक मात्र असलाच पाहिजे. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि लेप्टो कुत्र्यांना होतो, तसाच माणसांनाही. ही लस दोन डोसांनी सुरू होते आणि वर्षभरच टिकते, म्हणून दर पावसाळ्याआधी घ्यावी.

इथेच थोडे पैसे वाचवायची जागा आहे. पहिल्या वर्षीचे डोस आणि त्यानंतरचा एक बूस्टर नीट झाला असेल, तर डिस्टेंपर-पार्वो-हिपॅटायटिसचं संरक्षण तीन वर्षं तरी टिकतं, असं वसावाच्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. दरवर्षी लागतात त्या लेप्टो आणि रेबीज. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत सुटी लेप्टोची लस ठेवलेली नसते, त्यामुळे दरवर्षी संयुक्तच टोचली जाते. त्यात धोका नाही. तरी ‘सुटी लेप्टो मिळेल का’ एवढं विचारायला हरकत नाही. मांजरांच्या एकत्रित लसीचंही असंच: बाहेर न जाणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या मांजरीला दरवर्षी ती लागेलच असं नाही, डॉक्टरांशी बोलून अंतर ठरवता येतं. रेबीजच्या बाबतीत मात्र कसलीही घासाघीस नको. मांजर चौथ्या मजल्यावरून कधी खाली उतरत नसेल तरी नको.

लस डोळ्यांसमोर भरून घ्या. संयुक्त लसीच्या दोन छोट्या काचेच्या कुप्या असतात. एकीच्या तळाशी पांढरट वाळलेली वडी, दुसरीत पाण्यासारखा द्रव. डॉक्टर द्रव सिरिंजमध्ये ओढून वडीच्या कुपीत सोडतात, हलवतात, की वडी क्षणात विरघळते. तो द्रव नुसतं पाणी असतो असं समजू नका. बऱ्याच कंपन्यांच्या लसीत लेप्टोचा भाग त्यातच असतो. कुपीवरच्या लेबलचा एक तुकडा सोलून निघतो, त्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. तो तुकडा तुमच्या कार्डावर चिकटवायचा आणि शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. हे सगळं असेल तरच ती नोंद खरी. विकणाऱ्यानं दिलेल्या कार्डावर नुसत्या पेनानं तारखा घातलेल्या असतील आणि स्टिकर एकही नसेल, तर पिल्लाला लस झालेलीच नाही असं धरून नव्यानं सुरुवात करा. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. पेट शॉपच्या ड्रॉवरमधून निघालेली किंवा भर उन्हात पिशवीतून आलेली लस फुकट दिली तरी घेऊ नका.

टोचल्यावर वीस मिनिटं दवाखान्यातच बसा. तोंड सुजणं, सतत उलट्या, धाप असं काही झालं तर तिथल्या तिथे इलाज होतो.

फुकट आणि स्वस्त कुठे

रेबीजची लस पैशासाठी अडू नये. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, जसं पुण्यात औंधला आहे, तपासणी आणि लस नाममात्र दरात होते. ६ जुलै हा प्राणिजन्य आजारांचा जागतिक दिवस आणि २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. या दोन्ही दिवसांच्या आसपास पशुसंवर्धन खातं, महापालिका आणि संस्थांची मोफत शिबिरं ठिकठिकाणी होतात. गोव्यात मिशन रेबीजची पथकं सरकारच्या साथीनं वर्षानुवर्षं गावोगाव फिरून कुत्र्यांना मोफत टोचत आली आहेत, आणि तिथे रेबीज किती खाली आला हे सगळ्या देशानं पाहिलं आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचं, तिथे कुत्र्यांची लस शिल्लक आहे का हे आधी फोन करून विचारा.

मुंबईत परळला दोन जुने आधार आहेत: मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साखरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय. दोन्ही एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली. तसंच नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर या ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. केसपेपरला रांग असते, अर्धा दिवस मोडतो, पण एक्स-रे, सोनोग्राफी, ऑपरेशन या गोष्टी खासगीच्या मानानं बऱ्याच कमी पैशांत होतात आणि शिकवणारे अनुभवी डॉक्टर हाताशी असतात. मोठ्या खर्चाचा सल्ला मिळाला की दुसरं मत घ्यायला ही जागा उत्तम. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांसाठीचं मोठं रुग्णालय सुरू झालं आहे. गुंतागुंतीच्या आजारांना आता मुंबईबाहेर धावावं लागत नाही.

गोचीड आणि जंत

गोचिडावर लोक सगळ्यांत जास्त टाळाटाळ करतात, आणि माझ्या मते वर्षाच्या हिशेबात सगळ्यांत जास्त पैसे इथेच घालायला हवेत. गोचीड नुसतं रक्त पीत नाही. त्याच्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तातले जंतू शिरतात. ताप, खाणं सुटणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त येणं अशी लक्षणं दिसतात आणि रक्तातल्या प्लेटलेट झपाट्यानं घसरतात. मग रक्ततपासणी, महिनाभर डॉक्सिसायक्लिन, पुन्हा रक्ततपासणी, कधी रक्त चढवणं. साधा ताप असेल तर तीन-चार हजारांत निभतं, बिघडला तर वीस हजारही कमी पडतात.

गोचीड मारायच्या खायच्या गोळ्या दोन तऱ्हेच्या. एक महिनाभर चालणारी, वजनाप्रमाणे ५०० ते १,००० रुपयांना. दुसरी तीन महिने चालणारी, दीड ते अडीच हजारांना. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब ३५० ते ६०० रुपयांत महिन्याचं काम करतात, पण अंघोळ घातली की त्यांचा जोर कमी होतो. अठरा-वीस किलोच्या, बाहेर फिरणाऱ्या कुत्र्याला मी गोळीच सुचवेन. पैशाची ओढ असेल तर पावसाळ्यात आणि नंतरच्या दोन महिन्यांत गोळी, बाकीच्या काळात थेंब. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर गोळीआधी डॉक्टरांना ते सांगा.

गावाकडे एक घातक काटकसर चालते. गोठ्यात फवारायचं गोचीडनाशक पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगावर ओतायचं. प्रमाण चुकलं की लाळ गळते, थरकाप सुटतो, झटके येतात. मांजराच्या तर जवळही हे औषध नेऊ नये. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला मारतं. कुत्र्याचं उरलेलं औषध मांजराला लावलं आणि रात्रीत मांजर गेलं, असं घडतं. मांजरासाठी मांजराचंच औषध, पाकिटावर मांजराचं नाव असलेलं.

जंताचं औषध स्वस्त आहे. पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरवड्याला, दोन महिन्यांनंतर दर महिन्याला, सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी. पिल्लांचं सिरप शंभर रुपयांच्या आसपास, मोठ्यांच्या गोळ्या ५० ते १०० रुपयांना एक, आणि बहुतेक गोळ्या दहा किलोला एक अशा हिशेबानं देतात. म्हणून वजन माहीत हवं. घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभं राहा, मग एकट्यानं, वजाबाकी करा. सात किलोच्या कुत्र्याला ‘अंदाजे अर्धी’ देऊन जंत मरत नाहीत, पैसे मात्र जातात. घरात रांगणारं मूल असेल तर जंताची तारीख चुकवू नका, कुत्र्याचे गोलकृमी मुलांच्याही पोटात जाऊ शकतात.

नसबंदीचा दर इतका वेगवेगळा का

एक दवाखाना मांजरीच्या ऑपरेशनला तीन हजार सांगतो, दुसरा आठ. कुत्रीला सहा हजारांपासून अठरा हजारांपर्यंत आकडे ऐकू येतात. फरक बहुतेक वेळा बिलात काय धरलं आहे याचा असतो. म्हणून फोनवर नुसतं ‘किती घेता’ असं विचारू नका. ऑपरेशनआधीची रक्ततपासणी त्यात आहे का? भूल नुसत्या इंजेक्शनची की गॅसची? शीर उघडी ठेवून सलाइन लावणार का? भूल उतरेपर्यंत कोण पाहणार? वेदनाशामक किती दिवसांचं? गळ्यातली कॉलर, ड्रेसिंग, टाके काढणं धरलं आहे का? आठ हजारांत हे सगळं असेल आणि पाच हजारांत काहीच नसेल, तर आठ हजारांचा दवाखाना स्वस्त.

तरुण, धडधाकट बोक्याचं ऑपरेशन सोपं आणि थोडक्या वेळाचं असतं, त्यात अवाच्या सवा पैसे घालायचं कारण नाही. वयस्कर किंवा लठ्ठ कुत्रीचं, किंवा चपट्या नाकाच्या पग-बुलडॉगचं ऑपरेशन असेल तर गॅसची भूल आणि रक्ततपासणी यांवर तडजोड करू नका. प्राणिमित्र संस्था सवलतीत नसबंदी करतात. गल्लीतली मांजरं घरात घेऊन पाळणाऱ्यांनी तिथे जरूर चौकशी करावी.

मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. म्हणून ‘जरा मोठी होऊ दे’ म्हणून थांबणं महागात पडतं. लहान चणीच्या कुत्रीचं ऑपरेशन सहा महिन्यांच्या सुमारास, मोठ्या जातीत थोडं उशिरा, हे डॉक्टर ठरवतील. एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत म्हणजे तब्येत चांगली राहते, या समजाला आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर स्तनाच्या गाठींचा धोका फार कमी होतो. ऑपरेशन न केलेल्या उतारवयाच्या कुत्रीच्या गर्भपिशवीत पू होतो. ती खूप पाणी पिते, मलूल होते, आणि तातडीनं पोट उघडावं लागतं. त्याला पंधरा ते तीस हजार लागतात, आणि तेव्हा ती आधीच खंगलेली असते.

दात, रक्त आणि बाकीचं

दात स्वच्छ करणं, म्हणजे स्केलिंग, भूल देऊनच होतं आणि पाच ते बारा हजारांत जातं. भूल न देता दात घासून देणाऱ्याकडे जाऊ नका. वरून पांढरे दिसतात, हिरडीखालची घाण तशीच राहते. अडीचशे-तीनशे रुपयांची कुत्र्यांची टूथपेस्ट आणि लहान मुलाचा ब्रश, आठवड्यातून तीन-चार वेळा, यानं स्केलिंग कित्येक वर्षं लांबतं. माणसांची पेस्ट वापरू नका.

सात वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्या, दीड ते तीन हजार. मांजरांच्या मूत्रपिंडाचा आजार लवकर कळण्याचा हा एकच मार्ग आहे, कारण मांजर दुखणं लपवतं. बोका लघवीला बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो.

पिल्लाला कॅल्शियमचं सिरप, यकृताचं टॉनिक, केसांसाठी तेल अशी बाटल्यांची रांग लागली असेल तर प्रत्येकीचं कारण विचारा. पिल्लांचा चांगला तयार आहार चालू असेल तर वेगळं कॅल्शियम लागत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांना ते जास्त झालं तर अपायच होतो. इथे दरमहा पाचशे रुपये सहज वाचतात आणि तेवढ्यात गोचिडाचं औषध येतं. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं साध्या मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळतात. त्याच औषधाचा स्वस्त पर्याय लिहून द्यायला सांगा. पण मनानं घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत.

परवाना, बिल आणि तक्रार

महापालिकेचा कुत्र्याचा परवाना दरवर्षी घ्यायचा असतो. फी किरकोळ असते आणि रेबीजच्या लसीचा दाखला जोडावा लागतो. पुणे महापालिकेनं २०२२ मध्ये मांजरांसाठीही परवान्याचा निर्णय घेतला. शेजाऱ्याशी वाद झाला, कुत्र्यानं कुणाला ओरखडलं, तर परवाना आणि लसीचं कार्ड हेच दोन कागद उपयोगी पडतात. चावा कुणालाही झाला, तुमच्या लस दिलेल्या कुत्र्याचा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा. तिथे माणसांची रेबीजची लस मोफत मिळते.

डॉक्टर नोंदणीकृत आहेत ना, हे विचारायला संकोच करू नका. पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायला हवा. पक्कं बिल मागा. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेला जीएसटीची सूट आहे, तेव्हा तपासणीच्या किंवा ऑपरेशनच्या फीवर जीएसटी लावलेला दिसला तर विचारा; अंघोळ-केस कापण्याचं ग्रूमिंग आणि दुकानातून घेतलेला माल यावर कर लागतो. प्राणी भरती करताना अंदाजे खर्च लेखी घ्या आणि ‘अमुक रकमेपुढे जायचं तर आधी फोन करा’ असं त्यावर लिहून सही करा. एवढ्या एका ओळीनं नंतरचे बरेच वाद टळतात. तरीही फसवणूक झाली असं वाटलं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायला फी लागत नाही.

पाळीव कुत्र्यांचे विमे आता मिळतात. पण लस, जंत, गोचीड, नसबंदी, दात यांचा नेहमीचा खर्च त्यांत बहुधा धरलेला नसतो आणि सुरुवातीचा प्रतीक्षाकाळही असतो. पॉलिसी घ्यायची तर अपघात आणि मोठ्या ऑपरेशनसाठी घ्या. जमत नसेल तर दरमहा ५०० ते १,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकत राहा. दोन-तीन वर्षांत एका तातडीच्या ऑपरेशनची सोय होते.

वर्षाला अकरा हजार, म्हणजे महिन्याला नऊशे-हजार, ज्यांना ओढाताण करून द्यावे लागतील त्यांनी कुत्र्याऐवजी मांजराचा विचार करावा, किंवा संस्थेकडून नसबंदी आणि पहिल्या वर्षाच्या लसी झालेलं मोठं जनावर घ्यावं. पहिल्या वर्षाचा निम्म्याहून जास्त भार त्यानं उतरतो, आणि अशी मोठी कुत्री-मांजरं घराची वाट पाहत संस्थांत वर्षं काढत असतात.

ज्यांच्या घरी आधीच कुत्रं-मांजर आहे, त्यांनी आज लसीचं कार्ड काढून रेबीजच्या पुढच्या डोसची तारीख पाहावी. ती उलटून गेली असेल तर याच आठवड्यात दवाखान्यात जा. साडेतीनशे रुपयांचं काम आहे.